सोनारकाकांची निवडणूक

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी आमच्या लालबागच्या चाळीखालच्या सोनारकाकांचं नाव घेतो. आईवडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. तेही हेच सांगतात.

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी शाळा संपवून मी कॉलेजसाठी मुंबईला आईवडिलांकडे आलो आणि त्याच वर्षी गिरण्यांचा संप सुरू झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत नऊ माणसं. त्यातले चार गिरणीकामगार आता दिवसभर घरी. पुस्तक उघडायला जागा नव्हती. मी जिन्यात बसून वाचत होतो, ते काकांनी पाहिलं. म्हणाले, "दुकान दहाला उघडतं. तोवर बाकडं तुझं. फक्त शेगडीला पाय लावू नकोस." त्या बाकड्यावर बसून मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो.

काका स्वतः चौथी पास. संपात बायका मंगळसूत्र मोडायला येत. काका सोन्याच्या वाट्या काढून घेत, पण बाईला रिकाम्या गळ्यानं पायरी उतरू देत नसत. काळे मणी नव्या दोऱ्यात स्वतः ओवायचे, गाठ मारायचे आणि म्हणायचे, "वहिनी, आधी हे घाला, मग बाहेर पडा." कुणी काय मोडलं हे त्यांनी काकूंनाही कधी सांगितलं नाही. काकूंनी विचारून पाहिलं होतं, हे मला काकूंनीच सांगितलं.

पुढे महापालिकेची निवडणूक आली तेव्हा याच बायका दुकानात शिरल्या. "तुम्ही उभे राहा." काका आठवडाभर हसत होते. मग अर्ज भरला. निशाणी म्हणून तराजू मागितला होता, मिळाली छत्री.

पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी नुकताच बी.ए. झालेला, जोरात होतो. आमच्याकडे वरच्या मजल्यांवर पाणी चढत नसे. आई तळमजल्याच्या नळावरून हंडे वर आणायची. मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'निवडून येताच तिसऱ्या मजल्यावर पाणी!' काकांना न दाखवताच छापखान्यात दिलं आणि एका संध्याकाळी सगळ्या चाळींत वाटलंही.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला समोर बसवलं. पत्रक त्यांच्या हातात होतं.

"माझ्याकडे कुणी बांगडी आणली तर मी आधी काय करतो?"

"कसाला लावता."

"आणि मग?"

"मग बोलता."

"हा पाण्याचा पाइप तू कसाला लावलास का रे? तो किती जुना, किती गंजलाय, मी बघितला नाही, तू बघितला नाहीस. आणि लिहून मोकळा झालास."

"काका, निवडणुकीत सगळे असंच लिहितात."

"सगळे सोनार नसतात," असं म्हणून त्यांनी चपला घातल्या.

मला घेऊन ते दारोदार फिरले. प्रत्येक दारात एकच वाक्य. "पत्रकातलं वचन माझं नाही. पाइप बघितल्याशिवाय पाण्याचं सांगणार नाही. काम होणार नसेल तर तेही येऊन सांगीन." मी मागे मान खाली घालून उभा. ही निवडणूक आपण घालवली, काकांचं नाव आपल्यामुळे खराब झालं, एवढंच डोक्यात होतं.

शेवटी मसाल्याच्या गिरणीवाल्या मावशींच्या दारात आलो. मालवणी बाई, हात कोपरापर्यंत लाल. काकांचं वाक्य ऐकून त्या हसायलाच लागल्या.

"इतको भियालंस कित्याक?" त्यांनी मलाच विचारलं. "ह्यो खरा बोलता, म्हणान तर आमी मत देतलंव. तुझा कागद वाचून कोण मत देता रे मेल्या!"

काका ओठ दाबून उभे होते. जिन्यात आल्यावर ते इतके हसले की कठड्याला धरून थांबावं लागलं.

मत देऊन मी शाळेचा एक दाखला आणायला गावी गेलो. मतमोजणीच्या दिवशी मी सकाळपासून पोस्टात बसून होतो. दुपारी वडिलांची तार आली. पोस्टमास्तरांनी मोठ्यानं वाचली, "सोनार निवडून आले." माझ्या डोळ्यांत पाणी बघून त्यांनी विचारलं, "तुमचे कोण लागतात?" मी त्यांच्याकडूनच एक आंतरदेशीय पत्र घेतलं. तिथल्याच टेबलावर लिहायला बसलो:

तीर्थरूप काकांस,

साष्टांग नमस्कार.

तार मिळाली. इथे पोस्टात अनोळखी माणसांनीही माझं अभिनंदन केलं. पत्रकाची चूक माझी होती. तुम्ही त्या दिवशी दारोदार माझं नाव एकदाही घेतलं नाहीत, हे मी विसरणार नाही.

आता लोक तक्रारी घेऊन दुकानात येतील. मी रविवारी पोचतो. सगळे अर्ज मी लिहीन, पण तुम्ही वाचल्याशिवाय एकही पुढे जाणार नाही. पाइप बघायला एकटे शिडीवर चढू नका, काकू मला ओरडतील. मी आलो की दोघं मिळून बघू.

काकूंसाठी आमसुलं आणतो आहे. मावशींना माझा नमस्कार सांगा आणि कागद कुणी वाचला नाही तरी चालेल म्हणावं.

तुमचा,
बाकड्यावरचा