अक्कांकडे ‘छान’ला बंदी

“ही पोरगी मुकी हाय का वो?”

गाणं रेकॉर्ड करायला मंद्रूपहून आलेल्या तात्यांनी हे हळूच विचारलं होतं. पण त्यांच्या समोरचा माइक चालू होता आणि माझ्या कानांवर हेडफोन होते. त्यामुळे प्रश्न मला अगदी कानाशी येऊन विचारल्यासारखा ऐकू आला. अक्कांनी स्क्रीनवरची नजर न काढता उत्तर दिलं, “मुकी न्हाय ओ, इंग्लिश मीडियमची हाय. मनात आधी तयार करती, मग बोलती. तोवर माणूस उठून जातंय.”

तात्या हसले. मीही हसले, कारण ते खरं होतं. शाळेत मराठी बोललं की शिक्षा, घरी इंग्लिश बोललं की हसू. मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले होते.

अक्का कुणाचीच भीड ठेवत नसत. तरुणपणी लग्नांत, गणपतीत ऑर्केस्ट्रात गायलेल्या. माइक नसतानाही माइकवर असल्यासारख्या बोलायच्या. गळा बसला तेव्हा त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत स्टुडिओ काढला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना घरच्या मागावरच्या, विणताना चुकलेल्या चादरी ठोकल्या. शेजारचे माग चालू असले की जमिनीतून धडधड यायची, म्हणून गाणं रेकॉर्ड करायचं ते मागांच्या सुट्टीलाच. त्यापेक्षा पिठाची गिरणी टाक, असं नवऱ्याने सुचवलं होतं. “टाकली असती की,” अक्का सांगायच्या, “पण दळताना गाणं ऐकू येत न्हाय.” रागावल्या की त्या घरच्या तेलुगूत शिरायच्या. मला तेलुगू येत नाही, याचा त्यांना मोठा आधार होता.

टेबलावर दोन मॉनिटर होते. मॉनिटर म्हणजे मिक्सिंग करताना, सगळे आवाज एकमेकांत बसवताना, ऐकायचे स्पीकर, गाण्यातल्या चुका झाकून न ठेवणारे. अक्कांचे त्यातले स्वस्तातले, पाच इंची. खाली विटा, विटांवर चादरीची घडी. कुणी नावं ठेवली की त्या म्हणायच्या, “ह्ये गोड बोलत न्हाईत, म्हणून तर आणलं. गोड बोलणारी हाईत की घरात!” एवढ्याशा स्पीकरमध्ये ढोलाचा खालचा आवाज मात्र पुरता कळायचा नाही. मग गाणं पेनड्राइव्हवर घेऊन अक्का दारातल्या भावाच्या, मोठे स्पीकर बसवलेल्या रिक्षात जाऊन बसायच्या. रिक्षा जागची हलायची नाही. मागे डोळे मिटून अक्का, पुढे कंटाळलेला भाऊ.

“अक्का, कुटं निघालाव?” गल्लीतून कुणीतरी विचारायचं.

“ढोल बघून येते,” अक्का डोळे न उघडता सांगायच्या.

मी कॉलेज संपल्यावर त्यांच्याकडे शिकायला गेले. सॉफ्टवेअर मी व्हिडिओ बघून शिकले होते. गाणं कसं ऐकायचं ते तिथे शिकले. मिक्स झाला की खोलीत असेल त्या प्रत्येकाने मत द्यायचं, हा तिथला नियम, आणि ‘छान’ म्हणायला बंदी. “छान म्हंजे काय? भाजी हाय का? कुटं छान, कुटं न्हाय, ते सांग की!” मी कसंबसं म्हणायचे, “दुसऱ्या कडव्यात आवाज मागे गेलाय.” त्यावर अक्का भांडायच्या, तेलुगूत जाऊन यायच्या, चहा मागवायच्या, आणि चहा पिता पिता माझ्याकडे न बघता दुसऱ्या कडव्यातला आवाज हळूच पुढे आणायच्या. ‘बरोबर आहे तुझं’ असं त्यांनी मला कधी म्हटलं नाही. वाद घातला म्हणून माणूस तुटत नाही, हे मात्र त्या खोलीत मला कळलं.

अक्का आता मुलाकडे हैदराबादला असतात. जाताना मॉनिटर विटांसकट माझ्या घरी पाठवून दिले. मी केलेलं प्रत्येक गाणं त्यांना आधी जातं, आणि फोनवर पहिला प्रश्न येतो, “कुटं अडलंय, ते सांग आधी.” तरी त्यांची आठवण निघाली की मला तात्यांच्या गाण्याची ती दुपारच आठवते.

तात्या मेंढरं राखणारे. बिरोबाच्या ओव्या गायचे. साथीला ढोल आणि झांज. “बा गेल्यावर ही ओवी म्हणणारा मी एकलाच उरलो,” त्यांनी सांगितलं होतं. “माज्या मागं कोण न्हाय. जत्रंत कर्ण्यावर वाजू द्या, पोरांच्या फोनात राहू द्या.” संध्याकाळच्या एस.टी.ने ते परत जाणार होते आणि गाणं त्याआधीच गावभर पाठवणार होते. एकदा ते फोनांमधून फिरू लागलं की परत बोलावता येणार नव्हतं.

त्या दुपारच्या आधीचे काही महिने मी एक गोष्ट बघत होते. वीज गेली की यूपीएस बारीक आवाजात टिटिट करायचा, आणि पहिल्याच आवाजाला अक्का ओरडायच्या, “सेव्ह कर!” हल्ली तो वाजत राहायचा आणि त्या मान वळवत नसत. मीच गुपचूप सेव्ह करायचे. मग त्या म्हणू लागल्या, मॉनिटरचं वय झालं, झांजेसारखा वरचा, बारीक आवाजच निघत नाही. एकदा त्या जेवायला गेल्यावर मी दुसरी गाणी लावून पाहिली. वरचा आवाज लखलखीत होता.

त्या दुपारी अक्कांनी स्क्रीनवरची झांजेच्या आवाजाची पट्टी वर सरकवली. मग आणखी वर. तात्यांचा आवाज त्या खणखणाटाखाली ऐकू येईनासा झाला. त्यांनी डोळे बारीक केले, हातातला फोन या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाले, “तुमी म्हंताय तर बरं आसंल.”

“बोल गं, कॉन्व्हेंट,” अक्का माझ्याकडे वळल्या.

वाक्य माझ्याकडे तयार होतं. कितीतरी दिवसांपासून होतं, आणि त्यात ‘मला वाटतं’ आणि ‘बहुतेक’ एवढे होते की मूळ गोष्ट सापडली नसती. शिवाय परक्या माणसासमोर, ज्या बाईचं सगळं आयुष्य कानावर चाललंय तिला ते कसं सांगायचं? अक्का पुन्हा स्क्रीनकडे वळल्या.

“स्पीकर बदलायला झालेत. झांज बघ की, कशी मेल्यावानी वाजतीय.” आणि त्यांचा हात पुन्हा त्या पट्टीकडे गेला.

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी नेली.

“अक्का, स्पीकर चांगले आहेत,” मी म्हणाले. “वरचं तुम्हाला ऐकू येत नाहीये. ढोल तुम्ही सांगा, झांज मी बघते. जरा सरका.”