मार्सेलाचं अजून ठरत नाही

मार्सेला हुडाकच्या दाराची बेल एरवी वाजायची ती पार्सलवाल्याची, तीही शेजारच्यांचं पार्सल ठेवून घ्यायला. पण दर चार वर्षांनी पेनसिल्व्हेनियाला भाव येतो. दुसऱ्या कितीतरी राज्यांत कोण जिंकणार हे शेंबडं पोरही सांगेल. इथं मात्र मूठभर मतं इकडची तिकडे झाली की अख्ख्या देशाचा अध्यक्ष बदलतो. म्हणून सप्टेंबर लागला की दोन्ही पक्षांची माणसं गल्ल्या पालथ्या घालतात, आणि नवरा गेल्यापासून टीव्हीशी बोलणाऱ्या मार्सेलाच्या पायऱ्यांनाही पाय लागतात.

यंदा तिला एक गोष्ट उमगली होती. "मत तुम्हालाच" म्हटलं की माणसं आभार मानून जातात. "तुम्हाला नाही" म्हटलं की नुसतीच जातात. पण "माझं अजून ठरत नाही हो" म्हटलं, की खुर्ची ओढून बसतात, ऐकतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात.

ठरायचं काय होतं? तिचं जूनमध्येच ठरलं होतं. चर्चच्या तळघरात दर गुरुवारी विक्रीच्या पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, वळायला बायका जमत, त्या सगळ्यांना ते ठाऊक होतं.

"काय गं, तुझं ठरेना म्हणे?" थेरेसाने पारीत बटाटा भरता भरता टोमणा मारला. "जन्मभर एकाच पक्षाला मत देणारी बाई तू! त्या बिचारीला कशाला हेलपाटे घालायला लावतेस?"

"ऐकून घेतलं तर माझं काय जातंय?" मार्सेला म्हणाली. खरं तर ऐकून घेत होती ती बिचारीच.

ती म्हणजे बर्निस टॉलिव्हर. निवृत्त नर्स, मार्सेला ज्यांना मत देणार नव्हती त्या पक्षाची. दर शनिवारी मेरीलँडहून तीन तास गाडी हाकत यायची. पक्षाचं बोलणं दोन वाक्यांत आटपायची आणि मग नवऱ्याचं, अँडीचं शेवटचं दुखणं, मार्सेलाचे गुडघे, सगळं मन लावून ऐकायची. ती उठायला लागली की मार्सेला हळूच गळ टाकायची, "मन जरा तुमच्याकडे झुकतंय बघा. अजून एकदा या." ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय!

मतदानाआधीच्या शेवटच्या शनिवारी बर्निस जरा उशिरा आली. अंगात काळा पोशाख, पायात उंच टाचांचे बूट. मार्सेलाने कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून केलेले हलुपकी वाढून ठेवले होते.

"आज अगदी नटूनथटून?"

"सकाळी बहिणीला मूठमाती दिली," बर्निस खुर्चीत बसत म्हणाली. "नंतरच्या जेवणाला थांबले नाही. तुम्हाला शब्द दिला होता ना."

मार्सेलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अजून एक थाप मारून मोकळं होता आलं असतं. 'मत तुम्हालाच' एवढंच म्हणायचं, की बाई समाधानाने घरी गेली असती. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण त्या काळ्या कपड्यांकडे बघून ते बाहेर पडेनात.

"बर्निस, माझं जूनमध्येच ठरलंय. तुमच्या पक्षाला नाही."

बर्निसने काटा खाली ठेवला. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"मग दर वेळी बोलावलंत कशाला?"

"तुम्ही बसता. ऐकता. माझ्यापाशी कुणी बसत नाही हो." आपलाच आवाज मार्सेलाला लाचार वाटला, आणि स्वतःची किळस आली.

बर्निसने ताटली बाजूला सरकवली.

"माझी बहीण लुईझही हेच म्हणायची," ती म्हणाली. "हॉस्पिटलमधून फोन करायची. शनिवारी ये गं, नुसती बस माझ्यापाशी. मी सांगायचे, एवढी निवडणूक होऊ दे. एका बाईचं मन वळत आलंय."

ती उठली, खुर्ची जागेवर सरकवली आणि पायऱ्या उतरून गेली. तिची गाडी गल्लीबाहेर गेली तरी मार्सेलाला मान वर करवेना.