सुबाभळीचा पाला आणि मावशींच्या शेळ्या

पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीच्या कुंपणाला सुबाभळी आहेत. पावसाळ्याआधी त्या छाटतात आणि पाल्याचा ढीग कचऱ्याच्या गाडीत जातो. गेल्या वर्षी ढिगापाशी मागच्या गावठाणातल्या एक मावशी उभ्या होत्या.

"बाई, हा पाला टाकताय व्हय? पावसात माझ्या शेरडांना चारायला जागा न्हाई. समद्या बिल्डिंगी झाल्या."

मी घरी येऊन सांगितलं. हे चाकणच्या एका कंपनीच्या टूलरूममधून नुकतेच निवृत्त झाले होते आणि दिवसभर घरातले स्क्रू आवळत बसायचे. दुसऱ्या दिवशी सगळा पाला आमच्या गच्चीवर! चार उन्हांत तो कडकडीत वाळला. मग ह्यांनी ठरवलं, त्याचं पीठ करायचं, म्हणजे चारा गोणीत भरून ठेवता येईल. गिरणीवाल्याने हात जोडले. तेव्हा हे माझ्या मिक्सरकडे वळले.

"मी चटणी वाटते त्यात!" मी आडवी आले.

शेवटी माळ्यावरचा जुना मिक्सर निघाला. तासाभराने चहा घेऊन वर गेले, तर हे भुवयांसकट हिरवे झालेले. मला हसू आवरेना.

संध्याकाळी गोणी घेऊन आम्ही मावशींच्या गोठ्यात गेलो. ह्यांनी मोठ्या ऐटीत घमेलं पुढे केलं. शेळीने तोंड घातलं आणि अशी शिंकली की निम्मं पीठ ह्यांच्या शर्टावर. दुसरीने तर तोंडच फिरवलं.

मावशी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आवं दादा, शेरडांनी काय भाकरी थापायची ह्याची?"

हे आधी ओशाळले, मग खो खो हसले.

मावशींनी ते पीठ भुशात पाणी घालून कालवलं, तेव्हा शेळ्यांनी घमेलं चाटूनपुसून साफ केलं. कुंपणाच्या छाटायच्या राहिलेल्या सुबाभळींच्या ओल्या डहाळ्यांच्या जुड्या बांधून सावलीत टांगायला त्यांनी ह्यांना शिकवलं. उन्हात पाल्याचा कस जातो म्हणाल्या, आणि नुसती सुबाभूळ चारायची नाही, कडब्यात मिसळून द्यायची. हे मान डोलावत ऐकत होते.

भर पावसात त्या जुड्या कामी आल्या. हे रोज सकाळी गोठ्यात जाऊ लागले.

एकदा चिखलाच्या पायांनीच धावत घरात आले. "दोन झाली! दोन्ही करडं धडधाकट!"

आमच्या दोन्ही मुलांच्या जन्माच्या वेळी हे शिफ्टवर होते. त्यांचा तो चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होते. लादी मी नंतर पुसली.