बियाण्याच्या ढोलीतला डबा

छोट्या विमानांचं इंधन कसं ठेवायचं, हे मला नीट शिकवलं होतं. तेव्हा 'मला माहीत नव्हतं' ही पळवाट मला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सत्तरच्या दशकात मी नागपूरला कॉलेजात होतो. तिथे आम्हा हौशी पोरांना दोन तारांवर गोल फिरणारी विमानं उडवायला शिकवत. विमानाच्या नाकाशी अंगठ्याएवढं इंजिन, आणि त्याला इंधन म्हणून मिथेनॉल नि एरंडेल. शिकवणारे सर दर वेळी बजावत: डबा पत्र्याचा, झाकण घट्ट, जागा थंड, विस्तव लांब. वर लाल रंगाने 'विष' लिहायचं आणि धान्याजवळ, खाण्याच्या वस्तूंजवळ कधी न्यायचं नाही. धान्याचं सोडून बाकी सगळं मी पाळलं.

मे महिन्याच्या सुट्टीत विमान, इंजिन आणि इंधनाचा डबा घेऊन मी करडीजवळच्या आमच्या गावी आलो. डबा जुनाच होता, सांध्याला डाग दिलेला. बाबांनी तो हुंगला आणि म्हणाले, "हे घरात पुन्हा दिसलं तं विमानासकट बोडीत फेकीन." बाबा बोलले ते करणारे होते; विमान खरंच बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, तळाशी गेलं असतं. आता ठेवणार कुठे? छपराची कवेलू तापून घराची भट्टी झालेली, स्वयंपाकघरात चूल, गोठ्यात तणस, म्हणजे वाळलेला पेंढा. थंड जागा एकच होती, बियाण्याच्या धानाची, म्हणजे भाताची, ढोली. बांबूच्या तट्ट्याची, शेणामातीने लिंपलेली, माझ्या छातीएवढी उंच. आत कोपरापर्यंत हात घातला की भर दुपारीही गार लागायचं. मी डबा खोल पुरला, ढोलीचं तोंड होतं तसं झाकलं आणि स्वतःच्या अकलेवर खूश झालो.

तीन आठवड्यांनी काढला तर डबा हलका लागला. सांध्याचा डाग उकलून अर्ध्याहून जास्त इंधन धानात मुरलं होतं. वास भपकन नाकात गेला. घरात कोणी नाही असं बघून मी धान वरखाली केलं, तेलकट झालेलं तळाशी ढकललं, दोन दिवस दुपारी ढोली उघडी ठेवली. वास उडाला. मिथेनॉल उडून जातं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. जाताना ते बियाण्याचा कोंब मारतं का, हे कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर डब्याचं बिंग फुटलं असतं.

आमच्याकडे पऱ्हे टाकताना, म्हणजे रोपांसाठी धान पेरताना, पहिली मूठ कोणाच्या हातची यालाही मान असतो. आमच्या आळीत तो शेजारच्या काकीचा. तिच्या हातचं उगवतंच, असं सगळे म्हणत. तीही म्हणे, जरा जास्तच म्हणे. मृग लागला की आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, कोणी बोलावण्याआधीच ती बांधावर हजर. मी तिची नक्कल करायचो आणि तिला ती आवडायची.

त्या वर्षीही ती आली. आमच्या टोपलीत हात घालून तिने मूठ भरली, कपाळाला लावली, टाकली. मी चार पावलांवर होतो. ओरडून थांबवता आलं असतं. पण थोडं खराब झालं असेल, बाकीचं उगवेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

नाही उगवलं. आठव्या दिवशी शेजारच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, हिरव्या आणि आमची टकली, कुठे कुठे चार काड्या. काकी उकिडवी बसून दाणे उकरत होती, नखाने फोडून बघत होती. बाबा शेजारीच उभे होते. तिने मान वर करून मला विचारलं, "बाबू, तू तं शिकला हायेस. बियाण्यातच काई खोट होती का रे?"

"नाही काकी, बियाणं चांगलंच होतं," मी म्हणालो.

हे वाक्य लिहितानासुद्धा माझे कान तापतात.

बाबांनी करडीहून दुसरं बियाणं आणलं, पऱ्हे पुन्हा टाकले, उशिरा का होईना रोपांची रोवणी झाली. आमचं फार बिघडलं नाही. बिघडलं तिचं. 'काकीच्या हाताले काय झालं?' असं पहिल्यांदा कोण म्हणालं कोण जाणे, पण आठवडाभरात सगळेच म्हणू लागले. पुढच्या वर्षी आईने मुठीसाठी दुसऱ्या बाईला बोलावलं. काकी नेहमीसारखी आंघोळ करून आली, बांधाच्या टोकाशी थबकली आणि "मी तं अशीच आली होती," म्हणून परत फिरली. तेव्हाही मी तिथेच होतो. त्याच्या पुढच्या वर्षी तर तिने स्वतःच्या बांधीतली पहिली मूठही सुनेच्या हातून टाकवली.

खरं सांगायचा धीर मला ऐंशीच्या दशकात आला. नोकरी लागली होती, लग्न झालं होतं, बाबा गेले होते. रागावणारं कोणी उरलं नाही तेव्हा धीर आला, ही त्यातली आणखी एक लाज. बायकोला घेऊन काकीकडे गेलो. डबा, उकललेला सांधा, वास, सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. मग खुदकन हसली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "पाह्य वो, माझं मन राखाले कसा खोटं बोलून राहिला! धानात कोनी इमानाचं तेल ठेवते का?"

मी शपथ घेतली. तिने माझ्या पाठीवर थोपटलं. "राहू दे बाबू. हात माझाच फिरला होता तवा."

संध्याकाळपर्यंत तिने ते आळीभर सांगितलं. पानठेल्यावर दोन म्हाताऱ्यांनी मला हाताला धरून बसवलं. "म्हातारीसाठी एवढी माया कोन करते आजकाल?" म्हणाले आणि माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो प्यायलो.