खाडीचा काळा गाळ

माझा अभ्यास खाडीच्या चिखलाचा. ओहोटीला नळी खुपसून गाळ काढायचा, हेच माझं काम. वरचा पातळ थर तपकिरी, त्याखाली सगळं काळंकुट्ट. तिथे प्राणवायू पोचत नाही. समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू तिथे पालापाचोळा, मेलेले मासे सावकाश कुजवतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. इतकी वर्षं मी हे हसतखेळत शिकवत होते.

मग माझा धाकटा भाऊ त्याच खाडीत, जेट्टीच्या कामावर असताना बुडाला. सापडला नाही. काही दिवसांनी शोध थांबला.

बालाघाटला घरी गेले, तर तिरोडीचा मामा आईला समजावत होता. "भंतेजींले बोलावू, त्याच्या नावानं पुण्यानुमोदन करून घेऊ. काहून अडून बसली?"

"माती केल्याबिगर कसं करू?" आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुह्या त्या चिखलात सडते का वं सगळं?"

"सडते, आई. पण आत हवा नसते, म्हणून लय हळू."

ती उठून बाहेर गेली. आमच्या बोडीचं, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्याचं, पाणी आटलं होतं आणि दर उन्हाळ्यासारखा धानाच्या बांधीत टाकायला तळातला गाळ खणणं चाललं होतं. परतली ती एक काळं पान घेऊन. खोल गाळातलं, पळसाचं.

"पाह्य, शिरा न् शिरा आहे. मंग माहं लेकरू बी असन. पुन्हा शोधाले लाव त्यायले."

पान आणि माणूस यांत फरक असतो, हे मला ठाऊक होतं. माझ्या शिक्षणाचा मला तेव्हा संताप आला. तिने पान धुऊन भावाच्या फोटोपुढे ठेवलं.

दुपारपर्यंत ते वाळून आक्रसलं. आई सरळ करायला गेली, तर हातात चुरा आला.

"हवा लागली म्हणून झालं का वं असं?"

मी नुसतं "हौ" म्हटलं.

"मंग नको शोधू त्याले. राहू दे तिथंच." आणि मामाला म्हणाली, "बोलाव भंतेजींले."

पुण्यानुमोदनाला पांढरी साडी नेसून ती सगळा वेळ ताठ बसली. मी मात्र मोठ्याने रडले.

आता पुन्हा कामावर आहे. खाडी तीच, ओहोटीही तीच. फक्त नळी मी हळू खुपसते.