हवालदारांचा खाकी फेटा

बेचाळीसनंतर आमच्या गावात बहुतेक घरांतून डोक्याला घालायच्या दोन गोष्टी असत. भूमिगत पोरं यायची असली की पांढरी टोपी आणि उंब्रजकडून पोलीस येताना दिसले की पटका. टोपी मग कणगीत, जोंधळ्याखाली जाई. हवालदार मात्र दोन्ही वेळा त्याच खाकी फेट्यात ओट्यावर बसलेले असत. पहिल्या महायुद्धानंतर फौजेतून पेन्शनीवर आलेला हा माणूस. आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पण माघारी हवालदारच.

एकदा पोलीस जमादाराने त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "काल तुमच्याकडं कोन आलं हुतं?"

"दोन पोरं आली हुती. जेवली न् गेली."

"कुटं गेली?"

"ते सांगणार न्हाई."

जमादार हसला; म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं त्याला वाटलं असावं. पुढच्या खेपेला तीच पोरं आली, तेव्हा हवालदारांनी भाकरी वाढता वाढता त्यांना हे जसंच्या तसं सांगितलं. एकाचा घास हातातच राहिला.

"आवं आबा, आमाला धरून द्यायचा इचार हाय काय?"

"जेवला म्हणून सांगितलं. कुटं गेला ते सांगितलं न्हाई, सांगणारबी न्हाई. पटत नसंल तर दुसरीकडं जेवा."

गावाला हे पचेना. आम्ही घरात एक, चावडीवर दुसरं बोलणारी माणसं. पोटातलंच ओठावर आणणारा कोणी असू शकतो, यावर आमचा विश्वासच बसत नव्हता. न्हावी म्हणायचा, "जो येवढं उघडं बोलतो, तो झाकत किती आसंल!" हवालदार पेन्शनीला कऱ्हाडला गेले तरी लोक एकमेकांकडे बघत. अंगावर नवी बंडी दिसली की ती कोणी घेऊन दिली, याची कुजबुज होई. फेट्याचा खाकी रंग तर सगळ्यांच्याच डोळ्यांत खुपायचा.

आमचा त्यांच्याशी पैरा होता. त्यांच्याकडे एक बैल, तांबड्या. आमच्याकडे एक, पाखऱ्या. दोघं मिळून जोडी व्हायची आणि दोन्ही घरांचं रान त्याच जोडीवर पिकायचं. मी तेव्हा विशीतला. एकदा वडिलांशी बिनसलं आणि तोंडाने 'व्हय, व्हय' म्हणून मी रानात आलो. मोटेवर पाखऱ्याला दोन चाबूक जास्त बसले. हवालदार म्हणाले, "राग बापावर हाय न्हवं? मग बापाला सांग की रं. बैलाला काय कळतंय?"

त्याच हंगामात ती दोन पोरं उसात पकडली गेली. कोणी दाखवलं, ते मला आजही ठाऊक नाही. आदल्या दिवशी मी पोलिसांच्या तळावर गेलो होतो. थोरला भाऊ फौजेत होता, त्याची खुशाली कळत नव्हती. जमादाराकरवी काही समजतं का, ते बघायला पटका बांधून गेलो होतो. तिथे हवालदारांना बोलावून आणलं होतं.

"पोरं कुटं हायती, ठाव हाय?" जमादाराने विचारलं.

"हाय. पण सांगणार न्हाई. आत टाकायचं तर टाका." हवालदारांनी दोन्ही हात पुढे केले. जुना शिपाई म्हणून जमादाराने त्यांना सोडून दिलं. परत फिरताना त्यांनी मला पाहिलं.

पोरं धरल्यावर मारुतीच्या देवळात गाव जमलं. तळावर कोण गेलं होतं, असं पंचांनी विचारलं. हवालदार उठले. "मी गेलो हुतो. बलावणं आलं हुतं."

"आनी कोन हुतं?"

"ते ज्याचं त्यानं सांगावं."

मी पांढऱ्या टोपीत बसलो होतो. बोललो नाही. हवालदारांना कोणी पैरा द्यायचा नाही, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तांबड्याला घेऊन आमच्या दारात आले. "पाखऱ्या सोडतोस न्हवं?"

"पंचांनी न्हाई म्हटलंय."

"पंचांचं कळलं. तुझं काय?"

"माझाबी संशय हाय तुमच्यावर," मी म्हणालो.

ते तांबड्याला वळवून निघून गेले. एका बैलावर रान होईना. त्यांनी तांबड्या विकला आणि ते सांगलीला लेकीकडे गेले.

स्वातंत्र्यानंतर हळद घेऊन मी सांगलीला गेलो, तेव्हा एका वखारीच्या फाटकावर तोच फेटा दिसला. हवालदारांनी आधी पाखऱ्याची चौकशी केली, मग माझ्या टोपीकडे पाहिलं. "आता कणगीत ठेवावी लागत न्हाई न्हवं?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"आबा, गावाकडं या. इसरली माणसं सगळं."

"त्यास्नी म्हाईत काय हुतं, इसरायला? म्हाईत तुला हुतं." मागे गाडी येऊन उभी राहिली होती. ते फाटक उघडायला गेले.

ती भेट शेवटची. गावात अजूनही फितुराचा विषय निघाला की त्यांचंच नाव येतं. परवा माझ्या नातवानेही घेतलं. म्हणून लिहितो. त्या दिवशी तळावर मी होतो. हवालदारांनी काही सांगितलं नाही. मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.