बहिगाची कनात

बहिगाने ती कनात शिवायला पाच महिने घेतले. दिवसा ती इमादुद्दीन रस्त्यावरच्या नाटक कंपनीत पोशाख शिवायची आणि जुन्या पडद्यांचे मखमली तुकडे पिशवीत घालून घरी न्यायची. कैरोतले तंबूवाले कनातीवर कमळं नि चांदण्या शिवतात. बहिगाने एकही कमळ घातलं नाही. एक भला मोठा काळा पट्टा तिरपा गेलेला, त्याला धडका देणारे लाल तुकडे, आणि कोपऱ्यात एकटाच एक पिवळा.

तिला टाका शिकवणाऱ्या म्हाताऱ्या शहाता तंबूवाल्याने विचारलं, "पोरी, हे पडतंय की चढतंय?"

"तुम्हाला काय वाटतं, काका?"

"मला वाटतं, तुला ताप आलाय." मग त्याने कनात उलटी करून टाके पाहिले आणि मान डोलावली.

नव्या चित्रकारांच्या मंडळात सात पुरुष आणि एक बहिगा. त्या वर्षी त्यांना कुणी सभागृह देईना, म्हणून एका अंगणात शहाताचा शामियाना उभारून त्यांनी प्रदर्शन मांडलं. मागची कनात बहिगाची. दोन दिवस लोक आले, चित्रांवरून हमरीतुमरीवर आले. तिच्या कामाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मंडळाचा म्होरक्या लुत्फी म्हणाला, "बहिगा, तुझं चित्र राहिलंच की गं."

"तू टेकून उभा आहेस ते."

त्याने वळून पाहिलं. "ही? ही तर कनात आहे," म्हणून हसला आणि आपलं आणखी एक चित्र दोरीने त्या कनातीसमोर टांगलं.

तिसऱ्या दिवशी ती कात्री घेऊन आली. कनात उसवायची आणि यापुढे फक्त पोशाख शिवायचे, असं तिचं ठरलं होतं. पण अंगण रिकामं होतं. प्रदर्शन संपलं म्हणून शहाताच्या माणसांनी बाकीच्या कनातींबरोबर तिचीही गुंडाळून सय्यदा झैनब मोहल्ल्यातल्या एका मयताघरी नेली होती.

ती तिथे पोचली. गल्लीतल्या शामियान्यात पुरुष बिनसाखरेची कॉफी घेऊन कुराणपठण ऐकत होते. बायका समोरच्या घरात. खिडकीशी बसलेल्या विधवेने तिला शेजारी जागा करून दिली.

"कुणाकडची गं तू?"

"कुणाकडचीच नाही. माझी एक वस्तू चुकून इथे आलीय."

"ती मागची काळी-लाल असेल, तर आजचा दिवस राहू दे. बाकीच्यांवरची कमळं बघितली की आमच्या लग्नातला शामियाना आठवतो. सकाळपासून मी तिच्याकडेच बघतेय. तो पिवळा तुकडा बघ, असा एकटाच राहिलाय, पण पडलेला नाही." मग तिने विचारलं, "कुणी केलंय?"

"मी."

नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा, तसा हा शब्द बहिगाने उच्चारला.

दुसऱ्या दिवशी ती शहाताच्या दुकानात गेली, पिवळ्या तुकड्याखाली आपलं नाव शिवलं आणि कनात त्याच्या हवाली केली. "लग्नाला न्या, मयताला न्या. फक्त नाव झाकेल अशी बांधू नका."

तीस वर्षं त्याने आणि नंतर त्याच्या मुलाने ते पाळलं. एकदा बाजारात आता म्हातारा झालेला लुत्फी भेटला, म्हणाला, "सध्या कुठे लागलंय तुझं काम?"

"आज शुब्रा मोहल्ल्यात. लग्न आहे. जरूर ये," बहिगा म्हणाली, "फक्त टेकू नकोस."